गाडी पाणंदीवर निवडा, शोरूममध्ये नव्हे
— ऊस विकास अधिकारी



उसाचे बिल बँकेत जमा झाले की गट ऑफिसात येणाऱ्या प्रश्नांची जात बदलते. लागणीला बेणे कुठले, खोडव्याला खत किती, हे मागे पडते आणि "साहेब, तुमचं सगळीकडं फिरणं असतं, कोणती गाडी घ्यावी ते सांगा," असा प्रश्न पुढे येतो. प्रश्न रास्त आहे. ऊस विभागाच्या माणसाचे अर्धे आयुष्य पाणंदीवरच जाते. तेव्हा या वेळी खतापाण्याची चर्चा थोडी बाजूला ठेवून गाडीचाच विचार करू.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. खोडद, मांजरवाडी, रांजणी या भागात चारचाकी ही चैन राहिलेली नाही. मळ्यात वस्ती करून राहणारी कुटुंबे पुष्कळ. मुलांची शाळा, सकाळ-संध्याकाळ दूध, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आणि रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर दवाखाना, हे सगळे त्याच वाटेने. त्यात बिबट्याची भर. आपल्या तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते, यातच सारे आले. उभ्या उसाच्या कडेने अंधारात जाणाऱ्या मोटारसायकलवर झडप घातल्याच्या घटना या भागात घडल्या आहेत. दरवाजे आणि काचा असलेली गाडी म्हणजे आपल्या बायकामुलांभोवतीचे कवच आहे.

पण गरज खरी असली म्हणजे खरेदी बरोबर होतेच असे नाही. शेजाऱ्याने कोणती घेतली, लग्नात कोणती उठून दिसेल, हप्ता कितीचा बसेल, या तीन प्रश्नांवर गाडी ठरते. रस्त्याला कोणी विचारीत नाही.

आधी रस्ता मोजा

मळ्यातून निघालेला माणूस किलोमीटर-दोन किलोमीटर पाणंदीने येतो, मग गावचा डांबरी रस्ता लागतो आणि नारायणगावला पुणे-नाशिक महामार्ग. शोरूमवाला गाडी चालवून दाखवतो ती महामार्गावर. तिथे सगळ्याच गाड्या गुणी. खरी परीक्षा होते ती पाणंदीच्या त्या दोन किलोमीटरांत.

आपली पाणंद उसाच्या ट्रॉलीने घडवलेली असते. भरलेल्या ट्रॉलीची चाके त्याच त्या जागी जाऊन खोल चाकोरी पडते आणि मधे वरंबा उभा राहतो. ट्रॅक्टरच्या दोन चाकांतले अंतर आणि मोटारीच्या चाकांतले अंतर जुळत नाही. त्यामुळे मोटारीचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे वरंब्याच्या उतारावर चालते, गाडी तिरपी होते आणि पोट घासते. पोटाखाली सगळ्यात नाजूक जागा ऑइलच्या चेंबरची. एखादा दगड लागून चेंबर फुटला आणि ध्यानात न येता गाडी तशीच पुढे हाकली, तर इंजिन धरते आणि मग खर्चाला दोरी राहत नाही.

म्हणून शोरूमला जाण्याआधी दोन काठ्या घेऊन पाणंदीवर जावे. चाकोरीच्या तळाशी एक काठी उभी धरावी, दुसरी वरंब्याच्या माथ्यावर आडवी टेकवावी आणि उंची मोजावी. अशा पाच-सहा जागा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवावा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे पोट जमिनीपासून १६५ ते १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसहा ते साडेसात इंच उंच असते. हा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसे आणि मागे दोन क्रेट चढले की त्यातला इंच-दीड इंच गेलाच म्हणून समजा. वरंबा पाच इंचांच्या आत असेल तर हिशोब जमतो. सात इंचांच्या वर गेला असेल तर गाडी बदलून भागणार नाही, फावडेच घ्यावे लागेल. त्याविषयी शेवटी बोलू.

दुसरी गोष्ट मातीची. मुरमाड पाणंदीत दगड लागतात, पण चाक धरते. काळ्या रानात पाऊस पडला की चिखल टायरच्या खाचांत भरतो आणि टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकांना जोर देणारी गाडीसुद्धा साध्या टायरवर जागच्या जागी फिरत बसते. चार ओल्या महिन्यांसाठी लाखो रुपये जास्त मोजण्यापेक्षा, डांबराच्या कडेला एक पत्र्याची शेड उभी करून गाडी तिथे ठेवणे आणि मळ्यापर्यंत चालत जाणे स्वस्त पडते.

दुर्बिणीचा धडा

खोडदचे नाव जगात गेले ते जी.एम.आर.टी. या रेडिओ दुर्बिणीमुळे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ मध्यभागी आहेत आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाजूंना शेतशिवारांत पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने शाळांची मुले तिथे गर्दी करतात, पण तबकडी जवळून पाहताना एक गोष्ट सहसा सुटते. ती पत्र्याची भरीव नाही. स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांवर ताणून ती केलेली आहे.

असे का? तिला पकडायच्या आहेत त्या लांब लहरी. त्यांना भरीव पत्रा आणि जाळी सारखीच. जाळी केल्याने वजन घटले, वारा आरपार जाऊ लागला, खालचा सांगाडा हलका झाला आणि एवढे मोठे काम आपल्या देशाच्या ऐपतीत बसले. कामाला लागेल तेवढेच घ्यायचे आणि ते मात्र चोख घ्यायचे, हा त्यातला धडा. गाडीला तो तंतोतंत लागू पडतो. आपल्याला रोज पन्नास किलोमीटर, त्यातले थोडे खडबडीत, चार माणसे आणि थोडे ओझे एवढेच काम आहे. त्यासाठी भरीव पत्र्याची तबकडी कशाला?

जीपपासून आजपर्यंत

आपल्या खेड्यांत चारचाकी आली ती जीपच्या रूपाने. महिंद्रांनी १९४९ साली मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. मजबूत चॅसीस, खाली पाटे आणि उघडून पाहता येईल असे इंजिन. कोणत्याही गावच्या मिस्त्रीने ती दुरुस्त करावी. दोष एकच, ती तेल पिई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ही कसली टिकते पाणंदीवर, असे लोक म्हणत. पण तिचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, ओढ पुढच्या चाकांना. जिथे अँबॅसिडर रुतून बसे तिथून चार माणसे तिला उचलून बाजूला ठेवीत. या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. पण मजबुती आणि हलकेपणा हे दोन वेगवेगळे गुण आहेत आणि खराब रस्त्यावर दोन्ही कामाला येतात, हे त्या काळात कळले ते आजही खरे आहे.

आज आपल्या कामाच्या गाड्या साधारण चार जातींच्या. पहिली छोटी हलकी: ऑल्टो, क्विड यांच्यासारखी. माणसे दोन-तीन, पाणंद बरी, खर्च कमी. दुसरी उंच बांध्याची छोटी: पंच, एक्स्टर यांच्यासारखी. पंचचे पोट कंपनीच्या आकड्याप्रमाणे १८७ मिलिमीटर उंच आहे. चार माणसांच्या कुटुंबाला आणि आपल्या मिश्र रस्त्याला ही जात बरी जुळते. तिसरी ईको. तिची ओढ मागच्या चाकांना, मागे जागा भरपूर. दूध, भाजी, रोपांचे ट्रे ज्यांना रोज न्यायचे आहेत त्यांना सोयीची, पण रिकामी असताना चिखलात मागची चाके हलकी पडतात. चौथी बोलेरो, २००० सालापासून चालत आलेली. वेगळी चॅसीस, मागे पाटे, डिझेल इंजिन. सात-आठ माणसांचे घर आणि बारमाही खडतर वाट असेल तर तिला तोड कमी. एकट्याने नारायणगावला जाऊन येण्यासाठी मात्र ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड. जिम्नी किंवा थार घाटमाथ्याकडच्या चढांना शोभते. खोडदच्या सपाटीवर तिची फोर बाय फोरची दांडी वर्षातून चार वेळाही ओढली जायची नाही.

कोणतीही जात घ्या, वरचे मॉडेल घेताना चाकाकडे बघा. वरच्या मॉडेलला मोठी अलॉयची चाके आणि बुटका टायर देतात. दिसायला झोकदार, पण खड्ड्यात आपटले की रिमला मार बसतो आणि अलॉय तडकते. लोखंडी रिम आणि उंच गालाचा टायर पाणंदीला चांगला. लोखंडी रिम वाकले तर ठोकून सरळ होते.

इंधन कोणते?

पेट्रोल म्हणताना आता त्यात आपला ऊसही आला. मळी आणि रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. आपल्या कारखानदारीला त्याचा आधार आहे, पण ग्राहक म्हणून दोन गोष्टी माहीत हव्यात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. जुन्या धाटणीच्या मोटारींत ही घट ६ ते ७ टक्के आणि १० टक्के मिश्रणासाठी बनवून २० टक्क्यांना जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दिला होता. शिवाय जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वायसर इथेनॉलने लवकर खराब होऊ शकतात. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत हे भाग ई-२० ला चालणारे असतात. त्याआधीची गाडी घेत असाल तर टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत काय लिहिले आहे ते वाचा. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत पाणी जाऊ देऊ नका. इथेनॉल पाणी ओढून घेते.

डिझेलची ओढ चांगली, हे कोणी नाकारणार नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. अमेरिकेत ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीजवळ म्हणूनच डिझेलच्या गाड्या वापरतात. ठिणगीतून निघणाऱ्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात. पण एप्रिल २०२० पासून बी.एस.६ नियम आले आणि डिझेलच्या धुरकांड्यात काजळी धरणारी गाळणी बसली. ती काजळी जळून साफ व्हायला गाडी चांगली तापून पंधरा-वीस मिनिटे वेगाने पळावी लागते. रोज पाणंदीने डेअरीपर्यंतच जाणाऱ्या गाडीत ती साचत जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. डिझेल घेतलीच तर आठवड्यातून एकदा नारायणगाव ते आळेफाटा अशी मोकळी पळवून आणावी. रोजचे अंतर फारच कमी असेल तर डिझेलच्या नादी लागू नये.

सी.एन.जी.चा खर्च कमी, पण पंप आपल्या रोजच्या वाटेवर आहे का आणि रांग किती लागते ते आठवडाभर पाहून मग ठरवा. नळकांड्याने डिकी अडते आणि मागचा भाग खाली बसतो, म्हणजे वरंब्याचा हिशोब पुन्हा करावा लागतो. विजेच्या गाडीला रोजचे पन्नास किलोमीटर जड नाहीत. अडचण वस्तीवरच्या विजेची. दाब पुरेसा राहतो का हे वायरमनला विचारा. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणे नियमात बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

हिशोब टनात मांडा

आपण पैसा कमावतो टनावर, मग गाडीचा खर्चही टनात मांडावा म्हणजे तो नीट टोचतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात येणारी रक्कम कारखान्यागणिक वेगळी. सोपे जावे म्हणून ३,००० रुपये टन धरू. इंधनाचे भावही असेच ढोबळ धरले आहेत. भाव बदलतील, रीत तीच राहील.

रोज ५० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १५,००० किलोमीटर. कंपनी बावीस-चोवीसचे ॲव्हरेज सांगते, आपल्या रस्त्याला पंधरा धरा. पेट्रोल लागले १,००० लिटर. १०५ रुपयांनी झाले १,०५,००० रुपये, म्हणजे ३५ टन. बाराच्या ॲव्हरेजच्या डिझेल गाडीला १,२५० लिटर, ९२ रुपयांनी १,१५,००० रुपये, ३८ टनांहून थोडे जास्त. सी.एन.जी.ला किलोमागे २० किलोमीटर आणि ९० रुपये भाव धरला तर ६७,५०० रुपये, साडेबावीस टन. सी.एन.जी.च्या गाडीला ९५,००० रुपये जास्त मोजले तर ते सुटायला अडीच वर्षे लागतात. आणि पन्नासचे ॲव्हरेज देणारी मोटारसायकल? ३१,५०० रुपये, साडेदहा टन. म्हणून दिवसाउजेडी एकट्याने जायचे असेल तेव्हा मोटारसायकलच काढावी. चारचाकी घेतली म्हणून दुचाकी विकू नये.

हे झाले फक्त इंधन. विमा, टायर, सर्व्हिसिंग, खालचे ठोकपाणी यांचे वर्षाला ३६,००० धरा, बारा टन. सात लाखांची गाडी सात वर्षांनी दोन लाख ऐंशी हजाराला गेली तर वर्षाला ६०,००० झिजले, वीस टन. पेट्रोल गाडीची बेरीज ३५, १२ आणि २० मिळून ६७ टन. एकरी चाळीस टनांनी दीड एकराहून जास्त ऊस दर वर्षी गाडीच्या चाकाखाली जातो. कर्जाचे व्याज यात धरलेले नाही.

हप्त्याचे सांगायचे तर बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो, उसाचे बिल दर महिन्याला येत नाही. काही बँका शेतकऱ्याला सहामाही हप्ता बांधून देतात. कर्ज काढण्याआधी तो मागून घ्यावा.

जुनी गाडी, बेण्यासारखी पारखा

जुनी गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. को ८६०३२ ही जात पाडेगावहून १९९६ साली आपल्याकडे आली आणि इतकी वर्षे टिकली ती खोडव्यालाही साथ देते म्हणून. गाडीचाही खोडवा चांगला निघतो, पण बेणे पारखून घेतले तर. सात-बारावर बोजा पाहतो तसा आर.सी.वर कर्जाचा बोजा पाहा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढते. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या गाडीचा भाव त्या खर्चासकट करा. २०१९ आणि २०२१ साली सांगली-कोल्हापूरकडे महापूर आले. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून कुठेही विकल्या जातात. सीटखालच्या पट्ट्या गंजल्यात का आणि गालिच्याखाली गाळाचा वास येतो का, ते बघा. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. महामार्गावर जाणार असाल तर त्याआधीची गाडी शक्यतो टाळा. आणि आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर नेऊन गाडी खड्ड्यावर चढवून खालून बघा. पोट खरवडलेले असेल तर वर कितीही पॉलिश असो, ती कुठून आली ते कळते.

नवी असो की जुनी, भाग मिळतात कुठे हे विचारा. चाकणला मोटारींचे एवढे कारखाने आहेत म्हणून भाग आपोआप आपल्या दारात येत नाहीत. लोअर आर्म, बुश, शॉकअप, क्लच प्लेट या चार वस्तू नारायणगावच्या दुकानात त्याच दिवशी मिळतात का, ही खरी कसोटी.

निगा

फुफाट्यात चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीच्या मुदतीची वाट न पाहता दर महिन्याला काढून झटका. घुसमटलेले इंजिन तेल जास्त पिते. टायरची हवा पंधरा दिवसांनी तपासा. पावसाळ्यानंतर गाडी खालून धुऊन चिखल काढा, नाहीतर पत्रा आतून गंजतो. उसाच्या फडाजवळ गाडी लावणाऱ्यांनी बॉनेट उघडून बघावे. तोडणी सुरू झाली की उंदीर उबेला इंजिनात येतात आणि वायरी कुरतडतात. फरशीपुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. फूट-दीड फूट वाहते पाणी छोटी गाडी उचलते. तिथे गाडीची किंमत नसते, माणसाची असते.

आता फावड्याचे

वर म्हटले की वरंबा सात इंचांच्या वर गेला तर फावडे घ्यावे लागेल. एका पाणंदीवर दहा घरे आणि दहा गाड्या असतील तर वरच्या हिशोबाने निगराणीवर दर वर्षी १२० टन ऊस जातो. रस्ता सुधारून त्यातला तिसरा हिस्सा जरी वाचला तरी ४० टन, म्हणजे १,२०,००० रुपये. एवढ्यात दर वर्षी दोन्ही बाजूंचे चर उघडून, मुरूम टाकून, रोलर फिरवता येतो. चर महत्त्वाचे. पाणंद ट्रॉलीने बिघडते त्याहून जास्त तुंबलेल्या पाण्याने बिघडते. तोडणी आली की ओल्या पाणंदीत ट्रॉली घालण्याची घाई करू नये. दोन दिवस वाफसा येऊ द्यावा.

पाणंद बांधाने खाल्ली असेल तर वाद घालत बसू नका. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ आणि बांधावरून वाट मिळण्यासाठी जमीन महसूल अधिनियम १९६६ चे कलम १४३, असे दोन्ही मार्ग तहसीलदारांकडे आहेत. २०२१ साली राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना रोजगार हमीशी जोडून आणली. अशा कामांना गावचा ठराव आणि दोन्ही बाजूंच्या खातेदारांची संमती लागते. पैसा मंजूर होऊनही काम अडते ते या संमतीपाशी. कोणाचा दोन फूट बांध सरकतो, एवढ्यावरून दहा घरांच्या गाड्या वर्षानुवर्षे मार खातात, आणि आजारी माणूस खाटेवर घालून डांबरापर्यंत न्यावा लागतो.

तेव्हा यंदाचे बिल आले की आपल्या पाणंदीवरच्या सर्व खातेदारांनी एकदा एकत्र बसावे, वरंबा मोजावा आणि ठरावाचा कागद करावा. गट ऑफिसात निरोप द्या, मोजमापाला आमची माणसे येतील. गाडीची निवड त्यानंतर करा. बहुतेकांच्या ध्यानात येईल की मनात होती त्यापेक्षा लहान गाडीत भागते.